सांगाव्याचा खेळ

रोशनी, तुझी खुर्ची मी पडवीतून हलवू दिली नाही. माझ्या धनराजनं उचलून आत नेली होती, मी परत ठेवायला लावली. माया म्हणून नाही. खुर्ची हलवली की तिथं रिकामी जागा दिसते आणि रिकाम्या जागेत तू जास्त दिसतेस. खुर्ची असली की निदान खुर्ची तरी दिसते.

मी भुतंखेतं मानणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. मेलं ते मेलं. माझा नवरा गेला, तो काही परत आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी वाटही पाहिली नाही. पण तू गेल्यापासून दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की पडवीतून फासा पडल्याचा आवाज येतो. पितळेच्या वाटीत तू टाकायचीस तसा. उठून पाहते. कोणी नसते. वाटी फडताळात आहे, फासे तिच्यातच आहेत, वरून मीच फडकं बांधलं आहे. परत येऊन पडते. मग तुझा आवाज येतो, "आई, बारी तुमची."

नीट ऐकू येते, शेजारच्या घरातून यावा तसा. भीती वाटत नाही. चीड येते. जिवंत होतीस तेव्हा एवढ्या हाका मारत नव्हतीस.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. मरणाची बातमी नेण्याचा तो खेळ तू बनवला होतास आणि मी तो खेळायला नाही म्हटलं होतं. मग तू गेलीस, आणि तुझ्याच मरणाचा सांगावा तुझ्या आईकडे मला न्यावा लागला. तो कसा नेला हे तुला सांगायचं आहे. तू हिशेबाला पक्की होतीस, जमला का हुकला ते लगेच सांगायचीस. या वेळी हिशेब अर्धाच सोडलास.

तू या घरात सून होऊन आलीस तेव्हा धनराज म्हणाला होता, ती घरूनच काम करते, खेळ लिहिते. मी म्हटलं, खेळ काय लिहितात? खेळ खेळतात. तू मला समोर बसवून समजावलंस. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. राक्षस असतात, तलवारी असतात. पण मारामाऱ्या लिहिणारे तुमच्या कंपनीत दुसरे होते. तुझ्याकडे बिनमारामारीचं काम. पूर आलेली नदी ओलांडायची, बिथरलेल्या गावाला समजवायचं, जंगलात हरवलेलं माणूस शोधायचं. तिथं तलवारीचा उपयोग नाही. कोणाला जंगल ओळखता येते, कोणाला बोलता येते, कोणाचा दम टिकतो, ते पाहायचं. ठरले तेवढे फासे जमले की पार. तीन हुकले की गेलं.

"आन् याचा तुले पगार भेटते?" मी विचारलं.

"भेटतो ना आई."

"मंग मले जनमभर भेटाले पाह्यजे होता."

तू हसलीस. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

खेळ लिहायचीस इंग्रजीत, पण तो चालतो की नाही हे पाहायला आम्हाला बसवायचीस. मी, शेजारची रामकला आणि तिच्या धान रोवण्याच्या टोळीतल्या दोघी. रामकला टोळीची मुकादम. शेताच्या या धुऱ्यावरून बोलली तर त्या धुऱ्यावरची बाई दचकते असा आवाज. तिनं तुझा वीस तोंडांचा फासा हातात घेऊन उलटापालटा केला.

"हा आवळा कायले आनला वो सूनबाई?"

"फासा आहे काकी."

"कोनीकडूनही पाहा, गोलच दिसते. घरंगळत खाटेखाली गेला तं आमी काय खाटेखाली खेळाचं?"

तो तलावाचा खेळ मला अजून आठवतो. राजाचा तलाव. पाणी सोडायच्या दारावर एक पहारेकरी. खाली रयतेचं धान वाळत चाललेलं. पहारेकऱ्याला हात लावायचा नाही, पाणी मात्र सोडवून घ्यायचं. तू सगळं बांधून ठेवलं होतंस. एकीनं त्याला बोलण्यात गुंतवावं, एकीनं राजाचं जुनं वचन काढावं, एकीनं दाराचा खटका ओळखावा. बोलायची बारी रामकलेची आली.

"कोन गावचा रे बाबू तू?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकरी म्हणजे तूच. तू सुचलं ते गाव सांगितलंस.

"मामाचं गाव कोनतं?"

तू तेही सांगितलंस. मग आडनाव. मग बहीण कुठे दिली ते. रामकला बोटांवर मोजत गेली आणि शेवटी टेबलावर थाप मारून म्हणाली, "म्हंजे आमच्या लताच्या नंदेचा नवरा! जवाई झाला ना बाप्पा हा आपला!" टोळीतल्या दोघींनी पदर सावरले. तू खूश. म्हणालीस, नातं जुळलं, आता फासा टाका आणि पाणी मागा.

"मागा?" रामकलेनं फासा खाली ठेवला. "जवायाले मागाचं? त्याले द्याचं रायते. त्याच्यापासून घ्याचं नसते."

"अहो काकी, गोष्टीतला जावई आहे तो."

"गोष्टीतला असो का घरातला. चला वो बायांनो, याच्या जेवनाचं पाहा आधी."

आणि खरंच त्यांनी त्याला जेवायला वाढलं. वड्याची भाजी केली, पाटावर बसवलं. तिकडे रयतेचं धान वाळून गेलं. तू डोक्याला हात लावून बसलीस आणि मी तोंडात पदर कोंबून. पण तू तो खेळ फेकला नाहीस. बदललास. पहारेकरी जावई निघाला की त्याला मागता येत नाही, पण त्याला नीट जेवू घातलं तर तोच विचारतो, सासूबाई, तुमचं धान कसं आहे? मग पाणी आपोआप येते. असा रस्ता तू त्यात ठेवलास. मला ते आवडलं होतं. तुला मी म्हटलं, आता कुठे बरं झालं. माझ्या तोंडून एवढंच निघते.

दुसरी अडचण अशीच. रोवण्यात कोणाची पात, वाट्याची ओळ, एकटीची नसते. एक मागे पडली की बाजूची न विचारता सरकते आणि तिची पात भरून काढते. खेळातही त्यांचं तेच. फासा एकीनं टाकायचा, तर चौघींचे हात वाटीत. मदत केली की फासा सोपा होतो असा तुझा नियम, मग या सगळ्या दर वेळी मदतीला. काही हुकेचना. पचपचीत झाला खेळ. तू फार वेळ त्यात अडकून होतीस. मग एक दिवस भाजी निवडताना म्हणालीस, "आई, हात लावला त्याला चिखल लागणार. मदत करा, पण हुकलं तर मदत करणाऱ्याचंही नुकसान. मग लोक विचार करून हात लावतील."

मी म्हटलं, बरोबर आहे. एका अर्थी चूकही होतं, कारण रामकलेनं नुकसान ऐकून घेतलं आणि तरी हात लावलाच. पण खेळाला चव आली.

तुझा एक नियम तू सारखा बोलून दाखवायचीस. टेबलाशी बसलेल्या एकाही माणसाला असं वाटता कामा नये, की इथं माझ्या हाताला काही काम नाही. तसं वाटलं तर चूक त्याची नाही, खेळ बनवणाऱ्याची.

मग तू सांगाव्याचा खेळ काढलास. एक माणूस परगावी मेला आहे. त्याच्या घरी माहीत नाही. खेळणाऱ्यांनी ती बातमी न्यायची. वाटेत नदी आहे, चिखल आहे, आणि बातमी यांच्या पुढे पळते आहे.

"यात जिंकाचं काय?" मी विचारलं. "मेलेला उठून बसते का शेवटी?"

"नाही. तो मेला आहे हे खेळणाऱ्यांना पहिल्यांदाच सांगायचं. लपवायचं नाही."

"मंग फासा कायले? रडाले?"

"बातमी पोचते कशी, त्यासाठी. कोणाच्या तोंडून पोचते, कोणत्या जागी पोचते."

"सांगावा म्हंजे सांगावा. गेला तं गेला म्हनाचं. त्यात कसब कायचं आलं? तुमी शिकलेले लोक मरनालेही पायऱ्या लावता."

तू चिडलीस की शाळेची भाषा सोडून माहेरची, चिचगडची बोलायचीस. "मंग तुमाले कोनं सांगतलं होतं आई? तुमच्याकडे कोनाची बातमी आली असन ना? कशी आली?"

मी उठले आणि चुलीवरचा भात पाहायला गेले. भात चुलीवर नव्हता. ते तुला बसल्या जागेवरून दिसत होतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. नंतर कधीही तो खेळ टेबलावर आला की मी उठायचे, आणि मी उठले की रामकलाही उठायची.

आता सांगते. आता तुला दुसरं काम नाही, ऐक.

मी तेव्हा सासरी नवी होते. इटियाडोहाच्या कालव्याखाली, सडकेला लागून धानाची बांधी होती, तिच्यात रोवणा चालू होता. एसटी आली, वळणावर हळू झाली. कंडक्टर दारात लटकून ओरडला, माझ्या सासऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्याची सून कोन वो? तुई माय मेली, तुले बलावलं." घंटी मारली. गाडी निघून गेली. माझ्या हातात पऱ्हे होते, धानाची रोपं. ती मूठ मी पुरी लावली. हातातलं चिखलात टाकून देता येत नाही म्हणून. मग वर पाहिलं, तर सडकेवर कोणी नव्हतं. कधी गेली, कशानं गेली, जाताना काही बोलली का, हे विचारायचं कोणाला? त्या माणसाचं काही चुकलं नाही. त्याला निरोप दिला, त्यानं पोचवला. पण माझ्यासाठी माय मेली ती त्या घंटीत. अजूनही वळणावर गाडीची घंटी वाजली की एकदा मरते.

हे तुला सांगितलं असतं तर तू त्याचं काहीतरी केलं असतंस. मला ते नको होतं. माझी माय कोणाच्या टेबलावर नको होती. आता वाटते, तुझ्या टेबलावर असती तर चाललं असतं.

तापानं तुला किती भराभर नेलं ते मी सांगत नाही. गोंदियाच्या दवाखान्यात तुला आत ठेवलं आणि आम्हाला बाहेर बाकावर. आत कोणाला जाऊ देत नव्हते. नर्स बाहेर येई, धनराजला औषध सांगे, तो पळे. त्याच्या पायांना तरी काम होतं. डॉक्टर हिंदीत बोलून जात, मला अर्धं समजे. मी मांडीवर हात ठेवून बसले होते. जन्मात मी कधी तशी बसले नव्हते. तो तुझा नियम तेव्हा आठवला आणि मी दाराकडे पाहून तोंडातल्या तोंडात तुझ्याशी भांडले. रोशनी, हा खेळ चुकला आहे. मला तू बारीच दिली नाहीस.

मग आतून माणूस आला आणि संपलं म्हणाला.

धनराजला कागदांसाठी तिथं थांबणं भाग होतं. भिंतीला टेकून त्यानं मोबाइल काढला. "तिच्या आईला लावतो," म्हणाला. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"फोनवर नाई सांगाचं. मी जाते."

"आई, चिचगड काय इथं आहे? तुझ्या आधी कोणी ना कोणी कळवेलच."

"म्हनून तं आताच निघून राहिली."

तुझ्या आईला तूच एक. घरात दुसरं माणूस नाही. चुलीशी बसलेली असेल, फोन खरखरत असेल आणि कोणीतरी दुरून ओरडेल, तुमची रोशनी गेली, आणि फोन कट होईल. मग ती बाई मोबाइल हातात धरून कोणाकडे पाहील? एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. रडूही नव्हतं.

गाडी आमच्याच गावच्या गोपाळची, चालवायलाही तोच. कोहमाऱ्याच्या चौकात रामकला चढली. फोनवर कळलं तशी रोवण्यातूनच आली होती, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. गाडी देवरीच्या दिशेला लागली, आणि रोशनी, पुढच्या सीटवर तू मागे वळून बसलीस. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात वाटी. गोपाळनं तुझ्याकडे पाहिलं नाही, रामकलेनं नाही. मी पाहिलं.

"खेळ समजून घ्या," तू म्हणालीस. "बातमी मोबाइलमधून पोचायच्या आत तुम्ही पोचायचं. तीन हुकले तर ती तुमच्या आधीच ऐकेल. आई, बारी तुमची."

चालत्या गाडीतून उठून भात पाहायला जाता येत नाही. मी म्हटलं, चल.

पहिली बारी रामकलेनं घेतली. तुझ्या आईच्या शेजारी किराणा दुकान आहे, तो दुकानदार रामकलेच्या माहेरचा निघाला. निघणारच होता. तिनं त्याला फोन लावला.

"आयक रे भाऊ, रोशनीच्या मायचा मोबाइल आपल्याजवळ आनून ठेव."

"काऊन?"

"काऊन नोको विचारू. बॅलन्स टाकून देतो म्हन."

"तिच्या मोबाइलात तं बॅलन्स आहे, कालच टाकला."

"मंग काढून घेतो म्हन! आन ना रे बाबा!"

तो काय समजला देव जाणे, पण त्यानं आणला. "जमला," तू म्हणालीस.

लगेच दुसरा हुकला. धनराजच्या चुलतभावानं तुझा फोटो हार घालून मोबाइलवर लावला होता. रामकलेच्या हातातल्या मोबाइलवर तो आला आणि ती गप्प बसली. रामकला गप्प बसली हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मग तिनं त्याला फोन लावून जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोटो काढला. पण पाहणाऱ्यांनी पाहिला होता.

जंगलातल्या घाटात ट्रकांची रांग लागलेली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. बाजूनं लहान गाडी जाईल एवढी जागा होती, पण तिथं एका ट्रकवाल्यानं नाक खुपसून ठेवलं होतं. रामकला खिडकीतून ओरडली, "ओ भैया, बाजू हटाव, डिलिवरी का केस है!"

ट्रकवाल्यानं वाकून आत पाहिलं. दोन म्हाताऱ्या. "किसकी डिलिवरी माताजी? आपकी?"

मागचे पुढचे हसले. मी खाली उतरले, त्याच्या दारापाशी गेले. माझं हिंदी तुला माहीत आहे. म्हटलं, "मेरी बहू मर गई आज. उसके माय को मालूम नहीं. मोबाइल से मालूम होने के पहले मेरे को जाना है."

त्यानं हसणं पुसून टाकलं. स्टार्टर मारला, ट्रक मागे घेतला, मागच्यालाही घ्यायला लावला. आम्ही निघालो तेव्हा तो खाली उतरून उभा होता.  मी तुला विचारलं, हा कोणत्या कसबात धरतेस? तू नुसती वाटी हलवलीस.

देवरीच्या चौकात तुझ्या माहेरचा एक माणूस मोटरसायकलला किक मारताना दिसला. लग्नात तुझ्या बाजूनं पंगत वाढत होता तो. गोपाळनं गाडी थांबवली. तो डोळे पुसत म्हणाला, "काकी, समजलं मले. तिकडंच जाऊन राहिलो, सांगाले." मी खिडकीतून हात घातला आणि त्याच्या मोटरसायकलची चावी काढून घेतली.

"काकी! चावी!"

"संध्याकारी येऊन घेऊन जाजो."

रामकला म्हणाली, "हे काय कसब आहे वो बाई?" मी म्हटलं, माहीत नाही, जिला माहीत आहे ती पुढे बसली आहे. आणि पुढे पाहिलं. सीटवर गोपाळचा गमछा होता. तू नव्हतीस. चिचगडपर्यंत मी त्या गमछ्याकडे पाहत होते. पाहत राहिलं तर परत येशील असं वाटलं. तिथून पुढे किती जमले किती हुकले, मला कोणी सांगितलं नाही.

दुकानदार रस्त्यात येऊन उभा होता. त्याला कळलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं नुसतं आत बोट दाखवलं. तुझ्या आईचा मोबाइल त्यानं साखरेच्या पोत्यात खुपसला होता. साखरेत वाजत होता तो. थांबे आणि पुन्हा वाजे.

तुझी आई अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होती. तिनं मला पाहिलं. रोवण्याच्या दिवसात विहीण दारात, सांगणं नाही, कळवणं नाही. मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. विहीण रिकाम्या हातानं येत नाही. एवढ्या खटपटी केल्या, फोन लपवला, चावी काढली, आणि हाताचं माझ्या ध्यानातच आलं नाही. एक पिशवी घेतली असती कोहमाऱ्याला, केळी घेतली असती. तर तिला अंगण ओलांडेपर्यंत तरी वेळ मिळाला असता.

 ती आत गेली, पाण्याचा लोटा घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. "या वो बाई. पानी घ्या."

आमच्याकडे मरणाचा सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. पाणी नाकारलं की मग सांगायचं काही उरत नाही. ते तिला माहीत आणि मलाही.

"उनाच्या आल्या. घ्या ना."

घसा असा वाळला होता की जीभ टाळूला चिकटत होती. घेतलं असतं तर आणखी थोडा वेळ तू जिवंत राहिली असतीस, निदान त्या अंगणात. ती लोटा धरून होती.  मी हात उचलला नाही.

तिनं लोटा हळूहळू अंगणात ओतला. कोंबड्या पाण्याकडे धावल्या. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "जवळ कोन होतं?"

माझ्या आधी रामकला बोलली. "ह्याच होत्या वो. शेवटपर्यंत हात हातात धरून होत्या. पानी पाजलं ह्यायनं."

रामकलेनं माझी पात भरली होती. न विचारता. मी गप्प राहिले असते तर ते तसंच उभं राहिलं असतं, आणि तुझी आई जन्मभर त्यावर टेकली असती.

"नाई," मी म्हटलं. "कोनी नव्हतं. आत जाऊ देत नव्हते. मी दाराच्या बाहीर होती."

रामकलेनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. अजून काळानिळा आहे. "बुढीले दुख काई सुचू देऊन नाई राहिलं," ती तुझ्या आईला म्हणाली, "काहीही बोलते."

"तू चूप राय वो," तुझी आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दाराले काच होती?"

"होती. एवढुशी."

"त्यातून काय दिसे?"

"पाय दिसत."

"झाकले होते?"

"एक झाकला होता. एक उघडा. नर्स झाके, तो मंग बाहीर ये."

तिनं अंगावर आलेली कोंबडी हातानं बाजूला केली. 

"कोनता? उजवा?"

मी डोळे मिटून त्या काचेतून पुन्हा पाहिलं. "उजवा."

"हाव," ती म्हणाली. "उजवाच. कितीबी झाका, तो पाय पांघरुनात ठेवतच नाई ती."